बाल्कनी दाखवण्याआधी बाथरूम मोजा!



समजा, इंद्रलोकमध्ये तुमचं छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे. समोर आई-बाबा, पंधरा वर्षांची मुलगी, तेरा वर्षांचा मुलगा. क्रूझ हवी आहे. २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' मुंबईहून गोव्याला जाते, त्यामुळे अशी चौकशी येणारच. तुम्ही लगेच बाल्कनीचे फोटो दाखवता ना?

थांबा. आधी विचारा, "रात्री किती?" चौघांच्या एका केबिनमध्ये दोघं वरच्या बर्थवर झोपतात आणि बाथरूम एकच. वाढत्या वयाच्या मुलीला कपडे बदलायला आडोसा नाही. दोन रात्री निभावतं. पाच रात्रींत घरचेच एकमेकांवर वैतागतात.

मग दोन बिनखिडकीच्या इंटिरियर केबिनचा भाव काढा. तिसऱ्या-चौथ्या माणसाची सवलत असेल तर ती जाईल, म्हणून दोन्ही बेरजा करासकट कागदावर मांडा. निर्णय गिऱ्हाइकाला घेऊ द्या.

बुकिंगआधी तीन गोष्टी लेखी घ्या:

१. केबिन नुसत्या शेजारी, की मध्ये दार आहे?
२. नंबर आत्ता मिळणार की नंतर? नंतर असेल तर मुलं वेगळ्या डेकवर जाऊ शकतात.
३. प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस लागतं का? लागत असेल तर आई-मुलगी, बाबा-मुलगा.

कोणाला बोट लागत असेल तर जहाजाचा मधला भाग, खालचा डेक मागा.

एक कुटुंब खूश परतलं की सोसायटीची अख्खी विंग चौकशीला येते. वैतागून परतलं तरी बातमी तितकीच पसरते. कमिशन एकदाच मिळतं, मंडळी!