एकविसाव्या वर्षी रणांगणावर : अरुण खेत्रपाल

१६ डिसेंबर म्हटले की ढाक्याची शरणागती, हे उत्तर आपल्या शाळेतील सातवीचा मुलगाही देतो. त्याच दिवशी पश्चिम सीमेवर काय चालले होते, हे मात्र मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. म्हणून यंदा विजय दिवसाला भाषणस्पर्धा न ठेवता सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची हकिकत प्रार्थनेच्या वेळी सबंध वाचावी, असे आम्ही ठरविले आहे. स्पर्धेत ‘शहीद’ आणि ‘बलिदान’ हे शब्द पुष्कळ येतात. ज्याच्याविषयी बोलायचे तो मुलगा त्यात हरवून जातो.

मुलगाच म्हणायचे. जन्म १४ ऑक्टोबर १९५०, पुण्याचा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकून जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाले. पेशवाईच्या अखेरीस, १८१७ साली उभ्या राहिलेल्या घोडदळाची ही परंपरा. आता घोड्यांच्या जागी रणगाडे आहेत. नोकरीला जेमतेम सहा महिने झालेले. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) तरुण अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण चालू असतानाच युद्ध पेटले व त्यांना रेजिमेंटकडे परत बोलावणे आले.

लढाई कुठे झाली ते नकाशावर पाहावे. जम्मूच्या दक्षिणेला शकरगडचा पाकिस्तानी भूभाग आपल्या हद्दीत फुगवट्यासारखा घुसलेला आहे. तेथून पठाणकोट-जम्मू रस्ता तोडता येतो, म्हणून आपल्या सैन्याला तेथे पुढे सरकणे भाग होते. वाटेत बसंतर नदी, आणि तिच्या काठाने सुरुंग पेरलेले. पायदळाने पलीकडे पाय रोवले, इंजिनियरांनी सुरुंग काढून रणगाड्यांसाठी वाट केली. १६ तारखेला जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांनी मोठा प्रतिहल्ला चढविला. तेथील तुकडीने वायरलेसवर मदत मागितली, तेव्हा दुसऱ्या तुकडीतले खेत्रपाल आपणहून निघाले.

त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यातले चार खेत्रपालांनी टिपले. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव होते ‘फामागुस्ता’. गोळा लागून त्याने पेट घेतला. रणगाडा सोडण्याचा हुकूम आला. त्यांनी वायरलेसवर कळविले की तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही. शेवटचा रणगाडा त्यांनी उडविला तो जेमतेम शंभर मीटरवर होता. मग दुसरा गोळा लागला. युद्ध थांबल्याची बातमी घरी आधी पोचली, मुलगा गेल्याची तार मागाहून. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

रणगाड्यात चौघे असतात, हे आपण विसरतो. वायरलेस सांभाळणारे सवार नंदसिंग त्याच ‘फामागुस्ता’त मारले गेले. चालक आणि तोफची वाचले. नंदसिंगांचे नाव पाठ्यपुस्तकांतून सहसा भेटत नाही. आमच्या वाचनात ते असेल.

पुढचा भाग वाचावा की नाही, यावर एका पालकांनी शंका काढली. २००१ साली अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ८१ व्या वर्षी आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांच्या घरी उतरले होते. यजमानांनी फार अगत्य केले. निघण्याआधीच्या रात्री मात्र त्यांनी सांगितले की, त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात आपणच होतो, अरुण आपल्या हातून गेला. आणि त्याच्या शौर्याची त्यांनी मनापासून वाखाणणी केली. पालकांचे म्हणणे असे की, शत्रूचे कौतुक मुलांना कशाला? आमचे मत वेगळे आहे. अरुणच्या धैर्याची साक्ष त्याच्यावर गोळा झाडणाऱ्याने दिली, याहून पक्की साक्ष कोणती? शिवाय तीस वर्षांनी मुलाच्या मरणाचा तपशील ऐकत बसलेल्या बापाला वगळून ही हकिकत पुरी होतच नाही.

‘फामागुस्ता’ दुरुस्त करून अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जतन केला आहे. ज्या गावाहून अरुण युद्धावर गेले, तेथेच.

वाचन बारावीचे विद्यार्थी करतील. ती मुले अरुणपेक्षा चारच वर्षांनी लहान आहेत. पालक व विश्वस्त मंडळींनी प्रार्थनेच्या वेळेआधी दहा मिनिटे यावे. वाचन सुरू झाल्यावर दार बंद ठेवू.