यंत्रासमोरचा माणूस

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं झेरॉक्स कंपनीचं मोठं संशोधन केंद्र होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं एका फोटोकॉपी यंत्रापुढे दोन माणसं उभी होती आणि त्यांचं चित्रीकरण चाललं होतं. काम साधंच, पाठपोट प्रती काढायच्या. पण ते काही केल्या जमेना. या दोघांपैकी एक होते ॲलन न्यूएल, कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक आणि १९७५च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. दुसरे रॉन कॅप्लन, भाषा आणि संगणक यांचे नाणावलेले अभ्यासक.

या चित्रीकरणामागे होत्या ल्युसी सचमन, मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करत असलेल्या संशोधक. कंपनीचं नवं यंत्र फार किचकट आहे, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. जाहिरातीत मात्र हिरवं बटण दाबलं की काम फत्ते, असं दाखवलं जाई. ती चित्रफीत पाहिल्यावर 'वापरणाऱ्यालाच समजत नाही' असं म्हणून तक्रार झटकून टाकायची सोय उरली नाही.

माणूस आणि बुद्धिमान यंत्र समोरासमोर आले की नेमकं काय घडतं, याचा अभ्यास गेली साठेक वर्षं चालू आहे. संगणकतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, डिझाइनर असे नाना विषयांचे लोक त्यात आहेत. प्रश्नांना फाडफाड उत्तरं देणारी यंत्रणा आता आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये येऊन बसली आहे. अशा वेळी या अभ्यासातून हाती काय लागलं, हे प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांनाही माहीत असायला हवं.

चार रकान्यांची नोंद

सचमन यांनी पुढे त्याच यंत्राला जोडलेल्या मदतनीस संगणकाचा अभ्यास केला. मूळ कागद सुटे आहेत की बांधलेले, प्रती किती हव्यात, एका बाजूला की पाठपोट, असे प्रश्न हा संगणक आधी विचारायचा. उत्तरांवरून कामाचा आराखडा ठरवायचा आणि एकेक पायरी पडद्यावर दाखवत जायचा. हे यंत्र पूर्वी कधी न हाताळलेल्या माणसांना सचमन यांनी जोडीजोडीनं त्याच्यापुढे उभं केलं. जोडी अशासाठी, की दोघं असले की आपसांत बोलतात, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला ऐकू येतं.

मग त्यांनी घडलेल्या गोष्टी चार रकान्यांत मांडल्या. माणसांचं जे बोलणं-वागणं यंत्रापर्यंत पोचतच नव्हतं ते पहिल्या रकान्यात. जे पोचत होतं ते दुसऱ्यात. यंत्रानं माणसांना जे दाखवलं ते तिसऱ्यात, आणि ते दाखवण्यामागचा यंत्राचा हिशेब चौथ्यात. माणसं एकमेकांना विचारत होती, बोटानं दाखवत होती, अंदाज बांधून पुन्हा मोडत होती. यंत्राला त्यातलं कळत होतं ते एवढंच, की झाकण उघडलं, बटण दाबलं, कागद उचलला. पहिला रकाना भरभरून वाहत होता आणि दुसऱ्यात जेमतेम चार गोष्टी होत्या.

सगळ्यात जास्त घोटाळा व्हायचा तो तीच सूचना पडद्यावर पुन्हा आली की. कधी तिचा अर्थ 'पुढच्या पानासाठी हेच परत करा' असा असे, तर कधी आधीची पायरी चुकल्यामुळे यंत्र मागे फिरलेलं असे. अक्षरं दोन्ही वेळा तीच. सांगणारा माणूस असता तर त्याच्या सुरावरून, चेहऱ्यावरून फरक लगेच कळला असता. इथं माणसं बरोबर केलेलं काम चुकलं समजून मोडून टाकत, किंवा चुकीचं काम बरोबर समजून तसंच पुढे रेटत. सचमन यांचं 'प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स' हे पुस्तक १९८७ साली आलं. माणूस आधी ठरवलेल्या आराखड्याबरहुकूम वागत नाही; आराखड्याचा आधार घेतो, पण दर पावलाला समोरची परिस्थिती पाहून वागतो, हा त्यातला मुख्य सिद्धांत. यंत्र बनवणाऱ्यांनी तो अजूनही पुरता मनावर घेतलेला नाही.

आपलं मन कसं वागतं

सचमन यांच्या पुस्तकाच्या वीसेक वर्षं आधी एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी संभाषण करणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. १९६६ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याचं नाव एलायझा. शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीचं हे नाव. पुलंनी 'ती फुलराणी'त तिचीच मंजुळा केली. या प्रोग्रॅमचं गाजलेलं सोंग होतं मानसोपचारतज्ज्ञाचं. त्याची रीत सोपी होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा ठरावीक शब्द हेरायचा, 'मी'चं 'तुम्ही' करायचं आणि तेच वाक्य प्रश्न करून परत द्यायचं. मराठीत सांगायचं तर 'मला हल्ली झोप लागत नाही' असं लिहिलं, की 'तुम्हाला झोप लागत नाही असं कधीपासून होतंय?' असं उत्तर. अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता.

तरीही लोक त्यात गुंतले. प्रोग्रॅम तयार होताना रोज पाहणाऱ्या वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीनंही थोडं संभाषण झाल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. या अनुभवानं ते हादरले. नाझी राजवटीत बर्लिन सोडून १९३६ साली अमेरिकेत आलेल्या कुटुंबातले ते. कुठली कामं यंत्राकडे सोपवायचीच नाहीत, हा प्रश्न त्यांनी १९७६च्या आपल्या पुस्तकात कळकळीनं मांडला.

हे गुंतणं भोळ्याभाबड्यांपुरतं नाही, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज यांच्या प्रयोगांनी दाखवलं. संगणकावर काम केलेल्या माणसांना विचारलं, की या संगणकानं काम कसं केलं? हा प्रश्न त्याच संगणकानं विचारला तेव्हा लोकांनी जास्त गोड उत्तरं दिली. दुसऱ्या संगणकावर विचारला तेव्हा जास्त स्पष्ट. माणसाच्या तोंडावर आपण जी भीड बाळगतो, तीच यंत्राशी. आणि 'तुम्ही यंत्राशी सभ्यपणे वागलात का?' असं विचारल्यावर त्यांनी ते साफ नाकारलं. संगणकाचा सराव असलेली ही माणसं होती. आज आपल्याशी गोड बोलणाऱ्या यंत्रावर आपला विश्वास किती पटकन बसतो, याचं मूळ इथं आहे.

विश्वास किती, अविश्वास किती

१० जून १९९५च्या रात्री 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज अमेरिकेतल्या नँटकेट बेटाजवळ वाळूच्या दांड्यावर चढलं. जहाजावर दीड हजारावर माणसं होती. सुदैवानं कुणालाही इजा झाली नाही. बर्म्युडाहून बोस्टनकडे निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली होती. उपग्रहाचा संकेत तुटल्यावर उपकरण वेग आणि दिशा यांवरून अंदाजानं स्थान काढू लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तशी खूणही उमटली होती. पण चौतीस तास ती कुणी पाहिली नाही. अधिकारी दर तासाला जहाजाचं स्थान नकाशावर नोंदवत होते, पण ते त्याच उपकरणावरून. जहाज ठरल्या मार्गापासून सतरा मैल दूर गेलं होतं.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच एका निबंधात हा धोका सांगून ठेवला होता. यंत्र सोपी कामं स्वतःकडे घेतं आणि अवघड तेवढी माणसाला ठेवतं. रोजचा सराव सुटल्यामुळे माणसाचं कसब उणावतं, आणि नेमक्या संकटाच्या क्षणी त्यानं सगळं सांभाळावं अशी अपेक्षा असते. नुसती देखरेख करत तासन्तास सावध राहणं माणसाला जमत नाही, आणि तेच काम आपण त्याला देतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१५ साली बर्कली डीटव्होर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की यंत्राची एक चूक डोळ्यांदेखत घडली की लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडतो, मग एकंदरीत त्याचे अंदाज माणसापेक्षा सरस असले तरी. माणसाची तशीच चूक आपण पोटात घालतो. याच संशोधकांना पुढे असं आढळलं, की यंत्राच्या उत्तरात थोडाफार बदल करायची मुभा दिली तर लोक ते वापरायला राजी होतात. मुभा अगदी थोडी असली तरी चालतं. निर्णयात आपला हात असणं लोकांना महत्त्वाचं वाटतं.

दवाखान्यात आणि शेतावर

प्रयोगशाळेतलं यश प्रत्यक्ष जागेवर का अडतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण थायलंडचं. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा डोळ्याच्या छायाचित्रावरून ओळखणारी प्रणाली गुगलच्या संशोधकांनी तयार केली होती. तिच्या २०१६च्या मूळ अभ्यासासाठी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारतातल्या तीन रुग्णालयांची छायाचित्रंही वापरली होती. अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर. २०१८-१९मध्ये ती थायलंडमधल्या अकरा दवाखान्यांत आली, आणि एमा बीडी आणि त्यांचे सहकारी तिथं जाऊन काम पाहत बसले.

त्यांना दिसलं ते असं. छायाचित्र काढण्यासाठी अंधारी खोली लागते. बऱ्याच दवाखान्यांत ती नव्हती. रुग्णांची मोठी गर्दी परिचारिकांना सांभाळावी लागत होती. छायाचित्र थोडं जरी धूसर आलं तरी प्रणाली ते नाकारायची, कारण चुकीचं निदान होऊ नये म्हणून तिला तसं कडक ठेवलं होतं. १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के अशी परत आली. ज्यांचं छायाचित्र नाकारलं त्यांनी आणखी एखाद्या दिवशी काम बुडवून दूरच्या रुग्णालयात जायचं. परिचारिकेच्या अनुभवी डोळ्यांना त्यातली काही चित्रं ठीक दिसत होती, पण तिचं मत विचारात घ्यायला जागाच ठेवलेली नव्हती. शिवाय इंटरनेट मंद, त्यामुळे रांग अडून राहायची. निदान करण्याची बुद्धी शाबूत होती. परिचारिकेचा दिवस कसा जातो, हे आधी कुणी पाहिलं नव्हतं. या निरीक्षणाचा अहवाल संशोधकांनी २०२० साली स्वतःहून प्रसिद्ध केला, हा त्यांचा मोठेपणा.

आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये नील पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी फोनवरून माहिती देणारी व्यवस्था तपासली. ज्यांचं लिहिणं-वाचणं बेताचं त्यांना बोलून वापरता येणारं यंत्र सोयीचं, असं सगळेच धरून चालतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत उलट दिसलं. फोनचं बटण दाबून पर्याय निवडणाऱ्यांची कामं जास्त प्रमाणात तडीस गेली. शेतकऱ्यांना प्रत्यक्ष वापरायला दिल्यावाचून हे कळलं नसतं.

मुंबईत आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात याच वृत्तीनं काम झालं आहे. प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या चमूनं केलेला 'स्वरचक्र' हा मोबाइलचा कळफलक घ्या. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याच्या बाराखडीचं चक्र उघडतं. हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवायचं. शाळेत घोकलेली बाराखडी वापरणाऱ्याकडे आधीपासून आहे, हे ओळखून केलेली ही रचना. २०१७ साली याच संस्थेत 'इंटरॲक्ट' ही या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली होती.

आता जिल्हा रुग्णालयं, बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या यांत बुद्धिमान म्हणवणाऱ्या प्रणाली येत आहेत आणि येत राहणार. त्या घेणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की अचूकतेचा आकडा विचाराच, पण सोबत तीन प्रश्न विचारा. ज्या खिडकीवर, ज्या खाटेशेजारी ही प्रणाली चालायची आहे तिथं बसून कुणी काम पाहिलं आहे का? ती चुकली तर ते समोरच्याला कळेल अशी सोय आहे का? आणि परिचारिकेला, कारकुनाला, शिक्षिकेला तिचा निर्णय फिरवता येतो का? या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर पैसे मोजू नका. आणि वाचकहो, यंत्रापुढे अडलात तर 'मला मेलं काही कळत नाही' म्हणून गप्प बसू नका. नेमकं कुठं अडलं ते लिहून कळवा, तक्रार नोंदवा. या शास्त्राला पुढे नेणारी माहिती तुमच्याच अडण्यातून मिळत आली आहे.