संशोधकाचें मोजमाप

ज्या घरांत कोणी संगणकशास्त्रांत संशोधन करीत असेल, तेथील वडील मंडळींच्या कानांवर हल्लीं 'एच-इंडेक्स' हा शब्द वारंवार पडतो. नेमणूक, बढती व अनुदान हीं पुष्कळदां या एका आंकड्यावर अडून राहतात. तेव्हां तो निघतो कसा, हें समजून घेणें वावगें होणार नाहीं.

एका निबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांत झाला, ही मूळ मोजणी. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालीं शास्त्रीय उल्लेखांची मोठी सूचि काढली. कोणत्या जुन्या निवाड्याचा हवाला पुढें कोठें दिला गेला, हें दाखविणारी अमेरिकन वकिलांची सूचि त्यांच्यापुढें होती. हेतु विचारांचा माग काढण्याचा होता. माणसांचें माप घेणें मागाहून आलें. २००५ सालीं हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एच-इंडेक्स सुचविला. एखाद्याच्या पांच निबंधांचे उल्लेख अनुक्रमें ३०, १२, ६, ४ व १ असतील, तर निदान चार उल्लेख असलेले चार निबंध भरतात; म्हणून इंडेक्स ४. आतां पहिल्याचे ३० ऐवजीं ३०,००० उल्लेख झाले तरी इंडेक्स ४ च! डाइक्स्ट्रा यांनीं १९५९ सालीं दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट काढण्याची रीत अवघ्या तीन पानांत मांडली. तो निबंध आज जगभर शिकविला जातो. पण या हिशेबांत त्याची किंमत फार तर एक.

शिवाय उल्लेख म्हणजे मान्यता नव्हे. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष सविस्तर मांडतात तो खंडनासाठींच. यंत्राच्या मोजणींत मात्र पूर्वपक्ष आणि सिद्धान्त एकाच पंक्तीला बसतात. स्वतःच स्वतःचे दाखले देणारेही त्याच पंक्तीला. त्यांना उठविण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं.

सहलेखकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मधील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितिन सक्सेना यांनीं २००२ सालीं, एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें ठरविण्याची जलद व निश्चित रीत शोधिली. त्यांतील कयाल व सक्सेना यांनीं नुकतीच पदवी घेतली होती. निबंधावर नांवें याच क्रमानें आहेत, कारण सैद्धान्तिक शाखेंत तीं आडनांवाच्या वर्णक्रमानें देण्याचा प्रघात आहे. संगणकशास्त्राच्याच इतर अनेक शाखांत मात्र पहिलें नांव अधिक श्रम करणाऱ्याचें व शेवटचें बहुधा मार्गदर्शकाचें असतें. हा भेद ज्या निवडमंडळास ठाऊक नाहीं, तें सक्सेना आडनांवाच्या मुलावर सहज अन्याय करील.

नांवांचा घोळ तर आपल्या घरचाच. जर्मनींतील ट्रीर येथें १९९३ पासून चालत आलेल्या डीबीएलपी या सूचींत संगणकशास्त्रज्ञांचे निबंध व सहलेखक नोंदले जातात. एकाच नांवाचे अनेक असले कीं नांवापुढें क्रमांक घालावा लागतो. 'ए. जोशी' किती असतील, हें वाचकांस सांगावयास नको. उलट, लग्नानंतर आडनांव बदललेल्या मुलीच्या एकाच कामाच्या दोन याद्या होतात, आणि दोन्ही तोकड्या दिसतात. यासाठीं २०१२ पासून ऑर्किड नांवाचा सोळा अंकी क्रमांक विनामूल्य मिळतो व तो आडनांवाबरोबर बदलत नाहीं. ज्या घरांत अशी लेक किंवा सून असेल, तेथें अर्ज धाडण्यापूर्वीं तिचे दोन्ही नांवांचे निबंध त्या एका क्रमांकाखालीं आले आहेत ना, एवढें पाहून घ्यावें.