प्रतीक्षा यादीतला क्रमांक

मंजूर जागांपेक्षा अर्ज जास्त आले की महाविद्यालय गुणांच्या उतरत्या क्रमाने पहिली यादी लावते आणि उरलेली नावे त्याच क्रमाने प्रतीक्षा यादीत जातात. वरच्या कुणी मुदतीत फी भरली नाही किंवा भरून प्रवेश रद्द केला, की जागा खालच्या नावाकडे सरकते. म्हणून ही यादी म्हणजे नकार नव्हे. ती कशी सरकते हे ठाऊक असलेल्याला तिचा उपयोग करून घेता येतो.

बाभुळगाव तालुक्यातले विद्यार्थी बारावीनंतर बहुधा यवतमाळ, धामणगाव रेल्वे किंवा अमरावती गाठतात. ही सारी ठिकाणे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. फलकावर डकवलेल्या यादीपुढे उभा राहिलेला मुलगा आधी आपला अनुक्रमांक शोधतो. त्याने खरे तर शेजारचा प्रवर्गाचा रकाना पाहायला हवा. एकूण यादीत चाळिसावा असलेला विद्यार्थी त्याच्या प्रवर्गात तिसरा असू शकतो. राखीव जागा त्या त्या प्रवर्गातूनच भरल्या जात असल्याने त्याच्यापुढे खरे दोघेच असतात. मात्र जातीचा दाखला किंवा नॉन-क्रिमीलेअर जोडायचा राहिला असेल, तर हे गणित त्याच्या कामाचे नाही. प्रवेशाचा हा काळ नेमका डवरणी-निंदणाचा. तहसीलच्या फेऱ्या मारायला घरात कुणाला सवड नसते, म्हणून दाखले उन्हाळ्यातच काढून ठेवलेले बरे.

बी.एस्सी.च्या यादीत वर असलेल्या अनेकांनी अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा कृषीचेही अर्ज भरलेले असतात. सीईटी कक्षाच्या फेरीत त्यांना जागा मिळाली की ते टीसी परत न्यायला येतात, आणि इकडची यादी पुढे जाते. त्यामुळे बी.एस्सी.साठी थांबलेल्याने आपण अर्ज न केलेल्या अभ्यासक्रमांच्या तारखांवरही नजर ठेवावी.

थांबण्याच्या काळात हात रिकामे ठेवू नयेत. दुसऱ्या महाविद्यालयात जागा मिळत असेल तर ती घेऊन ठेवावी. मूळ टीसी आणि फी अडकेल या भीतीने पुष्कळ पालक तसे करत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा जाता सगळी फी परत मिळायला हवी. नंतर परताव्याचा वाटा कमी होत जातो आणि शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ कागदपत्रे पडताळून लगेच परत द्यावीत, असेही तीच अधिसूचना सांगते. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कार्यालयात टिकत नाही.

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात प्रतीक्षा यादीची जागा 'बेटरमेंट'ने घेतली आहे. मिळालेली जागा राखायची आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट पाहायची. 2025-26 पासून फेऱ्या तीनऐवजी चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली, तर ती जागा आपोआप पक्की होते आणि थांबण्याची सोय संपते. नको असलेले महाविद्यालय सहज म्हणून वर टाकले की पश्चात्ताप होतो तो इथेच. अकरावीचा प्रवेशही 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन झाला आणि बाभुळगावची दहावीची मुले त्यात आली. दहापर्यंत पसंती देता येतात. पहिली मिळाली तर प्रवेश घेणे बंधनकारक असते. खालची मिळाली तर पुढच्या फेरीसाठी थांबता येते.

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा महाविद्यालये संस्था पातळीवर भरतात. तिथे जागा मिळण्याची शक्यता असते, पण त्याची किंमत आधी समजून घ्यावी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. ही सवलत केंद्रीभूत प्रवेशासाठी आहे, व्यवस्थापन कोटा आणि संस्था पातळीवरील प्रवेशासाठी नाही. घाईत संस्था पातळीवर प्रवेश घेतलेल्या मुलीच्या घरावर चार वर्षांच्या फीचा बोजा पडतो. केंद्रीभूत फेरीतले दुसऱ्या पसंतीचे महाविद्यालय अशा घराला कितीतरी परवडते.

यादी सरकलीच नाही, तरी वाटा उरतात. आयटीआयच्या शेवटच्या समुपदेशन फेरीत रिकाम्या जागा भरल्या जातात. आयटीआय किंवा बारावी विज्ञाननंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ काम सांभाळून पदवी घेऊ देते.

अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक मात्र प्रवेश होईपर्यंत चालू हवा. सेवा केंद्रचालकाचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक दिलेला असेल तर ओटीपी आणि जागा मिळाल्याचा संदेश त्यांच्याकडेच जातो. घारफळ किंवा सावरसारख्या गावातल्या मुलाने सकाळच्या एसटीने कार्यालय गाठावे, ते मूळ कागदपत्रे, झेरॉक्सचे दोन संच आणि फीची सोय बरोबर घेऊनच. रिकाम्या जागेसाठी नाव पुकारले जाते तेव्हा विद्यार्थी हजर नसेल, तर जागा त्याच्या खालच्या नावाला जाते.