गावात एक डुरक्या असतोच

 

आज आपण एका सिनेमाबद्दल बोलणार आहोत. कुणी म्हणेल, बचत गटाच्या कार्यक्रमात सिनेमा कुठून आला? पण हा सिनेमा गावाचा आहे. तो आपल्याला पोटभर हसवतो आणि हसवता हसवता आपल्या गटाच्या हिशोबाच्या वहीपर्यंत येऊन पोचतो. म्हणून आम्ही तो निवडला.

सिनेमाचं नाव ‘वळू’. तो २००८ साली आला. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी. गोष्ट लिहिण्यात त्यांच्यासोबत गिरीश कुलकर्णी होते आणि सिनेमातल्या जीवन नावाच्या गावकऱ्याचं कामही त्यांनीच केलं. त्याच साली आपल्या जुन्नर तालुक्यातल्या राजुरीचे मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ही आला होता. लहानग्या टिंग्याचं काम करणाऱ्या शरद गोयेकरला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सिनेमा बैलावरचा आणि हाही बैलावरचाच. पण टिंग्यानं डोळ्यांतून पाणी काढलं आणि वळूनं हसवलं.

आधी वळू म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यातल्या नव्या सुनांना कदाचित माहीत नसेल. पूर्वी नवस फेडायला एखादा खोंड देवाच्या नावानं मोकळा सोडायचे. कुणी त्याला पोळ म्हणे, कुणी वळू. त्याला वेसण नाही, दावं नाही आणि मालकही नाही. तो कुणाच्या रानात शिरला तरी लोक हात जोडायचे, कारण तो देवाचा. शिवाय गावातल्या गायी त्याच्यामुळंच गाभण राहायच्या, म्हणून मानही होता आणि उपयोगही होता. आता डॉक्टर कांडी घेऊन दारात येतो, त्यामुळं असा सोडलेला वळू फारसा दिसत नाही.

सिनेमातलं गाव आहे कुसवडे आणि तिथल्या वळूचं नाव डुरक्या. गावाची तक्रार अशी की डुरक्या माजलाय. पिकाची नासाडी झाली, डुरक्यानं केली. कुणी पडलं, डुरक्यानं पाडलं. काही मोडलं, डुरक्यानं मोडलं. मग सरपंच त्याला पकडायला फॉरेस्टच्या साहेबाला बोलावतात. सरपंचाचं काम मोहन आगाशे यांनी केलंय आणि साहेबाचं अतुल कुलकर्णी यांनी. जंगली जनावरांची ज्याला सवय, त्या माणसाला गावात येऊन बैल धरायचा आहे. इथूनच हसायला सुरुवात होते.

साहेबाचा भाऊ सोबत कॅमेरा घेऊन येतो. बैल कसा पकडतात त्याची त्याला फिल्म करायची असते. आता कॅमेरा म्हटल्यावर गाव काय गप्प बसतंय! जो तो पुढं येऊन डुरक्याची कहाणी सांगतो आणि प्रत्येकाच्या कहाणीत बैल आणखी मोठा होतो. तिकडं सरपंच आणि गावातला तरुण पुढारी आबा यांची वेगळीच चढाओढ. बैल पकडला जावा एवढं दोघांनाही हवंय, पण तो आपल्यामुळं पकडला गेला हे लोकांनी म्हणायला हवं. पुढं काय होतं ते आम्ही सांगणार नाही. ते तुम्ही बघा.

आता यातली गंमत नेमकी कशात आहे? या सिनेमात कुणी दुष्ट नाही. मारामारी नाही, सासू छळत नाही, सावकार जमीन गिळत नाही. माणसं आपल्यासारखीच आहेत. थोडी भित्री, थोडी मानासाठी हपापलेली, थोडी मायाळू. हसू येतं ते आपण त्यांना ओळखतो म्हणून. हा सरपंच आपण पाहिलाय, हा आबा तर आपल्याच आळीत राहतो. ‘काय करतंय गाव बघा’ असं म्हणत आपण हसतो आणि हळूच लक्षात येतं की हे गाव आपलंच आहे.

असं हसणं आपल्या भागाला नवं नाही. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. यात्रांचा हंगाम आला की गावोगावचे लोक आजही तमाशा ठरवायला नारायणगावला येतात. तमाशात गण होतो, गवळण होते, बतावणी होते आणि मग वग लागतो. त्यात सोंगाड्या राजालाही चार शब्द सुनावतो आणि राजासकट सगळे हसतात. समोर रागावून बोललं तर भांडण होईल, ते सोंगाड्या हसवून बोलतो. फरक एवढाच की तमाशाच्या तंबूत आपल्या आया-आज्या फारशा गेल्या नाहीत. सिनेमा मात्र घरात टीव्हीवर लागतो आणि सासू-सून, लेकीबाळी तो एकत्र बघू शकतात.

आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. पार ऑस्ट्रेलियात पार्क्स नावाचं एक लहान गाव आहे. तिथं मेंढ्यांच्या रानात भलीमोठी ताटलीसारखी दुर्बीण उभी आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा तिथली चित्रं जगाला दाखवण्याच्या कामात त्या दुर्बिणीचा मोठा वाटा होता. त्यावर २००० साली ‘द डिश’ नावाचा असाच हलकाफुलका सिनेमा आला. त्यातही गावचा प्रमुख आहे, पाहुण्यांसमोर चाललेली धावपळ आहे, गावाची ऐट आहे आणि वेळेवर होणारे घोटाळेही आहेत. देश वेगळा, भाषा वेगळी, पण गाव म्हटलं की माणसं तीच. आपला ‘वळू’सुद्धा २००८ साली युरोपातल्या रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला होता.

आता मुद्द्यावर येऊ. ‘वळू’ आपल्याला एक गोष्ट दाखवतो. सगळं खापर एकावर फोडलं की जिवाला बरं वाटतं, पण खरं कारण शोधायचं राहून जातं. ज्याच्यावर खापर फोडायचं तो मुका असला तर आणखी सोपं.

हे ऐकून आपल्या भागात पहिल्यांदा कुणाची आठवण येते? बिबट्याची. इथं एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. बिबट्या म्हणजे डुरक्या नव्हे आणि ही हसण्याची बाब नाही. आपल्याकडं माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडावाच लागतो, त्यात दुमत नाही. पण ‘धरा आणि लांब नेऊन सोडा’ एवढ्यावर प्रश्न सुटतो का, हे आपल्या जुन्नरनं अनुभवलं आहे. २००१ पासून पुढची काही वर्षं इथले पुष्कळ बिबटे पिंजऱ्यात धरून दुसरीकडच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी नंतर त्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की हल्ले कमी झाले नाहीत, उलट बिबटे जिथं नेऊन सोडले त्या भागात ते वाढले. म्हणजे डुरक्या उचलून दुसऱ्याच्या शिवारात सोडला, तर तक्रार फक्त गाव बदलते.

मग खरं कारण कुठं आहे? माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली. कालव्याला पाणी आलं, पाण्यानं ऊस आला आणि उसानं आपल्या घरी चार पैसे आले. त्याच उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली. मादी उसातच पिलं घालते. पाणी जवळ आणि खायला वस्तीभोवतीची कुत्री, शेळ्या, वासरं. ही कारणं पिंजऱ्यात मावत नाहीत. म्हणून काही कामं आपल्याच हातची आहेत. शेळ्यांचा गोठा जाळी लावून वरूनसुद्धा बंद करायचा. अंधार पडल्यावर लेकरांना अंगणात एकटं सोडायचं नाही. उसाच्या कडेला खाली वाकून काम करायचं असेल तर एकटीनं जायचं नाही, सोबत आवाज ठेवायचा. शौचाला बाहेर जावं लागू नये म्हणून घरचं शौचालय वापरात ठेवायचं. रात्रीच्या लायटीमुळं माणसाला पाणी भरायला अंधारात रानात जावं लागतं, म्हणून दिवसा वीज मिळावी ही मागणी ग्रामसभेत बायकांनी लावून धरायची. बिबट्या दिसला तर मोबाईलवर जुने व्हिडिओ फिरवण्यापेक्षा वनविभागाला १९२६ या नंबरवर कळवायचं.

आता थोडं घरच्या गोष्टीकडं वळू. आपल्या गटातही एक डुरक्या असतोच. गटाचं कर्ज थकलं, बँकेनं पुढचं कर्ज अडवलं की सगळ्यांची बोटं एकाच बाईकडं जातात. ‘हिच्यामुळं झालं.’ ती बैठकीला यायची बंद होते, मग तिची जाऊ येत नाही, मग शेजारीण येत नाही आणि दहाबारा वर्षं जपलेला गट सहा महिन्यांत मोडतो. वही नीट उघडून बघितली, तर कितीदा असं दिसतं की थकलेले हप्ते चार जणींचे आहेत. तिचा फक्त आकडा मोठा आहे किंवा तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. कधी कर्ज देतानाच परतफेडीचा विचार झालेला नसतो. कधी टोमॅटोचा भाव पडला त्याच महिन्यात हप्ता ठेवलेला असतो. ते बदलता येतं. पण बोटं दाखवण्यात वेळ गेला की बदलायचं राहूनच जातं.

श्रेयाचंही तसंच. गटाला मशीन मिळालं, की ते कुणामुळं मिळालं यावर आठवडाभर चर्चा. मशीन मात्र पोत्याखाली झाकलेलं. सरपंच आणि आबांची चढाओढ बघून आपण हसतो, तेव्हा हेही आठवू द्या.

म्हणून आमची एक सूचना आहे. ‘वळू’ टीव्हीवर लागला किंवा कुणाच्या लेकानं मोबाईलवर लावून दिला, की गटानं एकत्र बसून बघा. ग्रामसंघाच्या बैठकीनंतर शाळेत पडदा लावता आला तर आणखी चांगलं. बघून झालं की लगेच उठू नका. चहा ठेवा आणि तीन प्रश्न एकमेकींना विचारा. एक, डुरक्यावर जेवढे आळ आले त्यातले खरे किती आणि ऐकीव किती? दोन, गावानं बैलासाठी एवढा आटापिटा केला, तेव्हा बायकांना कुणी विचारलं का? तीन, आपल्या गटात, आपल्या भावकीत, आपल्या गावात आज डुरक्या कोण आहे?

तिसऱ्या प्रश्नाला नाव घेऊ नका. नाव मनात ठेवा आणि पुढच्या बैठकीत त्या बाईला स्वतः जाऊन बोलावून आणा. तिला तिची बाजू सांगू द्या. वही मधे ठेवा, सगळ्यांचे हप्ते मोठ्यानं वाचा आणि नवीन तारखा सगळ्यांच्या सहीनं ठरवा.

याच मंडळींचा ‘देऊळ’ हा सिनेमा २०११ साली आला. त्यात गावात देव कसा येतो आणि देवामागून बाजार कसा येतो, ते पाहायला मिळतं. त्याच्यावर पुन्हा कधीतरी बोलू. तोवर वळू बघा, मोकळेपणानं हसा आणि तुमच्या बैठकीत काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा.