शाळेतला खेळाडू आणि महाविद्यालयाचे बोलावणे

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा संपल्या, की आमच्या तालुक्यातल्या एखाद्या घरी एक पाहुणा येऊन जातो. तो कोठल्यातरी महाविद्यालयाचा क्रीडासंचालक असतो, किंवा त्याने धाडलेला जुना खेळाडू असतो. बारावीतल्या मुलाची कबड्डीतली चढाई त्याने पाहिलेली असते. चहा घेता घेता तो म्हणतो, "मुलाला आमच्याकडे द्या, फी माफ, राहण्या-जेवणाची काळजी आमची." कापसाचा भाव आणि पावसाचा भरवसा ज्याला ठाऊक आहे, अशा बापाला हे बोलणे किती गोड लागत असेल, ते शिंदखेडेकरांना निराळे सांगावयास नको. या बोलावण्यात देणे काय आणि घेणे काय, हे आज आम्हांस पाहावयाचे आहे.

महाविद्यालयाला हा मुलगा हवा तरी कशासाठी? शाळेत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी असते, तशीच पुढेही असते. महाविद्यालये आपसांत खेळतात, त्यांतून विद्यापीठाचा संघ निघतो. आपल्याकडे तो जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा. १९९० पूर्वी धुळे-जळगावची मुले पुणे विद्यापीठासाठी खेळत. हा संघ मग इतर विद्यापीठांशी झुंजतो. खेळांत सर्वांत पुढे असलेल्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देण्याची प्रथा १९५६-५७ पासून आहे, आणि पंजाबातल्या विद्यापीठांनी तो वारंवार नेला आहे. जिंकलेल्या संघाने महाविद्यालयाचे नाव होते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. यात वावगे काहीच नाही. मात्र गरज दोन्ही बाजूंची आहे, हे बापाने चहा देतानाच ओळखावे.

या व्यवहाराचे विराट रूप पाहावयाचे तर अमेरिकेकडे वळावे लागते. बास्केटबॉल हा खेळ तिकडचाच. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे १८९१ साली जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या सज्ज्याला ठोकून तो काढला. आज तेथल्या विद्यापीठांचे प्रशिक्षक हायस्कुलातल्या मुलांचे सामने पाहत देशभर हिंडतात आणि घरी जाऊन आईबापांस भेटतात. कोणत्या महिन्यांत भेटावे, मुलाला विद्यापीठ दाखवावयास कसे न्यावे, याचेही नियम आहेत. मैदानावर एका बाजूचे पाचच खेळाडू. तेव्हा एक उंच, चपळ मुलगा लाभला तरी संघाचे नशीब पालटते. म्हणून बास्केटबॉलमध्ये ही ओढाताण फार. मुलाला मिळते ती शिष्यवृत्ती. शिक्षण, निवास, जेवण, पुस्तके, सारे तीत आले.

आता यातली मेख पाहा. १९७३ साली तेथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने ही शिष्यवृत्ती एकेका वर्षाची केली. खेळ मंदावला, गुडघा दुखावला किंवा प्रशिक्षकाची मर्जी फिरली, की पुढल्या वर्षी ती मिळेलच असे नाही. अनेक वर्षांची हमी देण्याची मुभा २०१२ साली पुन्हा आली. दूरचित्रवाणीमुळे विद्यापीठांकडे कोट्यवधी डॉलर येत असता खेळणाऱ्याला मात्र हौशी म्हणावे, हा वादही दीर्घकाळ चालला. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागले, आणि २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना त्यांस थेट पैसे देण्याचीही वाट खुली झाली.

आपल्याकडे एवढा पैसा नाही, पण मेख तीच. आणि आपल्याकडे ती बहुधा तोंडी असते. "बघू, करू" यावर मुलाची तीन वर्षे बांधली जातात.

महाविद्यालयाने खेळाडूला आपला मानावे म्हणजे काय, याचे आपल्या मातीतले उदाहरण आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसे अपुरे पडले, तेव्हा तेथल्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रत्येक प्राचार्याने घर गहाण टाकावे असे आमचे म्हणणे नाही. वसतिगृहाची पावती दिली तरी पुष्कळ झाले!

तेव्हा पाहुण्याला विचारावे. फी माफ ती एका वर्षाची की पदवी हाती येईपर्यंत? मुलगा जायबंदी झाला तर औषधपाणी कोणाचे, आणि खोली राहील की सुटेल? सामने आणि परीक्षा एकाच दिवशी आल्या तर पेपरांचे काय? मुलगी असेल तर संघाबरोबर बाई शिक्षिका जातात का? उत्तरे महाविद्यालयाच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी घ्यावीत. विचारल्याने ज्याला राग येईल त्याचे बोलावणे नाकारलेले बरे.

मूळ दाखले ठेवून घेऊन मुलाला अडकवण्याची रीत काही ठिकाणी आढळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला स्पष्ट मनाई केली आहे. मूळ कागद प्रवेशाच्या वेळी तपासून तेथल्या तेथे परत द्यावयाचे असतात. स्पर्धांची प्रमाणपत्रेही घरच्या पेटीत ठेवावीत. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी ती प्रमाणपत्रे क्रीडाखात्याकडून पडताळली जातात, आणि त्या पदाला पदवी लागत असेल तर खेळाडूलाही पदवी दाखवावीच लागते.