मटणाच्या पातेल्यात एकादशीचं सामान

‘‘इदु एकादशी सामान अल्लेनऽ?’’ ओट्यावरची तयारी बघून सासूबाईंनी विचारलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. ताटलीत भाजलेले शेंगदाणे, शेजारी बेळगाव बाजारातली रताळी, आणि पलीकडे हळद-मीठ लावलेलं अर्धा किलो मटण. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद मिळाला असता तर तोही याच पातेल्यात गेला असता.

पदार्थाचं नाव माफे. सेनेगल, माली, गांबिया या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचं हे घरोघरचं कालवण. मालीतल्या बांबारा भाषेत त्याला ‘तिगादेगेना’ म्हणतात. तिगा म्हणजे शेंगा, देगे म्हणजे वाटून केलेला लगदा, ना म्हणजे कालवण. आपण ‘शेंगा चटणी’ म्हणतो तितकं सरळ नाव.

वर्गात नगदी पिकं शिकवताना सेनेगलचा उल्लेख दरवर्षी येतो. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज जहाजांबरोबर तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. तिथल्या लोकांना जमिनीखाली धरणारा दाणा नवा नव्हता. बांबारा शेंग नावाचं त्यांचं स्वतःचं तसलंच कडधान्य होतं, त्यामुळे पाहुणा लवकर रुळला. 1840 च्या दशकापासून फ्रेंचांना तेल आणि साबणासाठी भुईमूग हवा झाला. पोती मार्सेच्या गिरण्यांकडे निघाली. 1885 मध्ये डाकार ते सेंट-लुई रेल्वे सुरू झाली, तीही बरीचशी या पोत्यांसाठी. शेतं शेंगांनी भरली, ज्वारी-बाजरी मागं पडली, आणि पोट भरायला फ्रेंचांनीच इंडोचायनातून तांदळाची कणी आणली. आजही सेनेगलमध्ये माफे वाढतात ते बहुधा कणीच्या भातावर, एका मोठ्या परातीत, सगळ्यांनी भोवती बसून. शेंगा बाहेर, कणी आत, असा तो व्यापार होता. घरातल्या बायकांनी मात्र गिरणीकडे जाणाऱ्या पिकातून आपल्यापुरत्या ओंजळभर शेंगा काढल्या आणि त्याचं कालवण केलं. मला या पदार्थाचं कौतुक आहे ते यासाठी.

आता कृती. पहिल्या वेळी माझी फसली. मटण शिजल्यावर आपण करतो तसा दाण्याचा कूट वरून भुरभुरला. रस्सा रवाळ झाला, चटणीत पाणी घातल्यासारखा. खाली बसलेला कूट करपला तो वेगळाच. इथं दाणा वरून घालायचा नाही, तो रश्श्यातच शिजवायचा, हे तेव्हा कळलं.

दीडशे ग्रॅम दाणे खमंग भाजून, साल पाखडून, मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. आधी कूट होतो, मग गोळा, मग तेल सुटून पातळ लोण्यासारखं होतं. तिथपर्यंत धीर हवा. भांडं तापलं तर पाच मिनिटं गप्प बसा. पाणी अजिबात घालू नका.

मटण तेलात सगळीकडून लाल परतून काढून ठेवा. त्याच तेलात दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, मग तीन टोमॅटोंचा लगदा. हा लगदा आटून गडद होईपर्यंत परता. घाई केलीत तर रस्सा शेवटपर्यंत आंबूस लागतो. मटण परत घाला आणि बेताच्या पाण्यात कुकरला चार शिट्ट्या द्या. दाण्याचा लगदा मात्र कुकरात घालू नये, तो तळाला धरतो. कुकर उघडल्यावर दोन पळ्या गरम रश्श्यात लगदा कालवून मग ओता. आता मंद आच, अधूनमधून तळापासून हलवणं, पाऊण तास. मधल्या वेळात रताळं, गाजर, कोबीचे मोठे तुकडे सोडा. तिखटासाठी तिकडे एक जहाल मिरची अखंड सोडतात, न फोडता. मी आपली जवारी हिरवी मिरची टाकते. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीकडे हात जाईल, तो आवरा. एकदा तो पडला की आपला नेहमीचाच रस्सा झाला.

झालं कधी म्हणायचं? रश्श्यावर दाण्याचं लालसर तेल गोल-गोल तरंगू लागलं की. घड्याळ बघू नका, तेल बघा.

सासूबाईंची अडचण वेगळी होती. आमच्याकडे उपवासाच्या दाण्याचा डबा निराळा असतो, आणि घरात त्या दिवशी तेवढेच दाणे होते. मटण त्या आवडीनं खातात. प्रश्न फक्त डब्याचा. ‘‘पातेल्याला काय ठाऊक, कुठल्या डब्यातलं?’’ असं धाकट्यानं म्हणून पाहिलं, त्याला दटावणी मिळाली. शेवटी समोरच्या दुकानातून पाव किलो नवे दाणे आणले, तेव्हा तवा चढला. भाजून मात्र दिले त्यांनीच, माझे नेहमी एका बाजूनं काळे होतात म्हणून.

जेवताना त्यांनी भात बाजूला सारला आणि ज्वारीची भाकरी मागून घेतली. दोनदा रस्सा घेतला. रताळं नको म्हणाल्या, गोड लागतं. पुढच्या वेळी वांगं घाल, असं कानडीत सांगून हात धुवायला उठल्या. दुपारी पाहिलं तर उपवासाचा डबा खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेला होता, माझा हात पोचणार नाही असा.